जुनी डिस्क "फॉरमॅट करू का" विचारते तेव्हा नाही म्हणा

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या 6.13 आवृत्तीतून, म्हणजे जानेवारी 2025 मधे, रायझरएफएस ही जुनी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, काढून टाकली. कोडच्या तीस हजारांच्या वर ओळी गेल्या, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक विचारून राहिले की भाऊ, हे ओपन सोर्सवाले असं कसं करू शकतात, ज्यांचा डेटा त्यात आहे त्यांनी काय करायचं? माझं मत सरळ आहे. काढली ते बरोबरच केलं. पण त्यामुळे डेटा गेला असं समजणं साफ चूक आहे, आणि या गैरसमजापायी लोक चांगल्या डिस्क फेकून देतात याचा मला खरंच त्रास होतो, म्हणून एवढं लांब लिहून राहिलो.

आधी थोडं मागचं सांगतो. 2001 मधे कर्नल 2.4.1 सोबत रायझरएफएस आली, कर्नलमधे सामील झालेली पहिली जर्नलिंग फाइलसिस्टिम हीच, म्हणजे बदल आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत लिहून ठेवणारी. लाइट गेली की सर्व्हर पुन्हा चालू होताना तासभर चेकिंग चालायचं ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना विचारा जर्नल म्हणजे काय सुख होतं, त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं लोडशेडिंग. शिवाय छोट्या छोट्या फाइली ही फार छान ठेवायची, फाइलचं शेपूट, म्हणजे शेवटी उरलेला तुकडा, सरळ ट्रीच्या (फाइलींची नोंद ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेच्या) पानातच बसवायची, जागा वाया जात नसे. सुसे या कंपनीच्या लिनक्समधे तर 2006 पर्यंत हीच डीफॉल्ट होती. त्यामुळे त्या काळात ज्याने ज्याने ऑफिसात सुसे टाकून फाइल सर्व्हर केला त्याच्याकडे ही आहे, त्याला माहीत असो वा नसो.

मग काढली काऊन? ती बनवणारा हान्स रायझर 2008 मधे बायकोच्या खुनात दोषी ठरला म्हणून काढली असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही, त्यानंतर सोळा वर्षं ती कर्नलमधे होतीच. खरं कारण हे की तिच्यावर काम करणारं कोणी उरलं नव्हतं. कर्नलचा आतला भाग सतत बदलतो, लॉकिंग बदलतं, मेमरीची पानं हाताळायची पद्धत बदलते, माउंट करायचा, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडून उघडायचा, इंटरफेस बदलतो, आणि दर वेळी प्रत्येक फाइलसिस्टिममधे कोणीतरी हात घालून ते बदल करावे लागतात. अख्ख्या कर्नलला एकच कुलूप असायचं त्या जुन्या बिग कर्नल लॉकमधून हिला सोडवायलाच कर्नल डेव्हलपर फ्रेडरिक वाइसबेकर यांना केवढी मेहनत पडली होती. 2022 मधे कर्नलवरच काम करणाऱ्या मॅथ्यू विल्कॉक्स यांनी विषय काढला की हिचं पुढे काय करायचं, कर्नल 5.18 पासून ती बाद होणार अशी सूचना यायला लागली, आणि शेवटी सुसेमधेच काम करणाऱ्या यान कारा यांनी ती काढली. जवळपास तीन वर्षं आधी सांगून काढली, याहून प्रामाणिकपणे कोणतीही कंपनी आपलं जुनं प्रॉडक्ट बंद करत नाही. न तपासलेला कोड तसाच ठेवला असता तर एखाद्या दिवशी त्यानेच डेटा खाल्ला असता.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. महाल भागात एक छापखाना आहे, काकांनी आता काम मुलाकडे दिलं. त्यांच्या जुन्या सर्व्हरची आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क माळ्यावर पडून होती, त्यात दिवाळी अंकांची पानं, स्थानिक लेखकांच्या पुस्तकांच्या पेजमेकरच्या फाइली, सगळं श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधे टाइप केलेलं. मुलगा ती घेऊन एका दुकानात गेला, तिथल्या कॉम्प्युटरला ती फाइलसिस्टिम ओळखता आली नाही म्हणून त्याने विचारलं फॉरमॅट करू का, आणि दुकानदाराने सांगितलं डिस्क खाली आहे, काही नाही त्यात. काका म्हणाले, "अरे खाली कशी असंल बाप्पा, माझं अर्धं आयुष्य आहे त्यात." काका बरोबर होते.

माझ्याकडे लावल्यावर माउंट करताना आलं, अननोन फाइलसिस्टिम टाइप. हा मेसेज पाहून लोक घाबरतात, पण यात डिस्क खराब आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, या कर्नलला ही भाषा येत नाही एवढंच म्हटलंय. बीएलकेआयडी ही फाइलसिस्टिम ओळखणारी कमांड चालवली तर ती लगेच रायझरएफएस दाखवते, कारण ती सुपरब्लॉकमधली (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकमधली) खूण वाचते, तिला कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा, लागत नाही. मग मॉडप्रोब या कमांडने ते मॉड्यूल चढतं का पाहायचं, मॉड्यूल नाही म्हणालं की विषय संपला, जुन्या कर्नलचं लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, काढायचं. डेबियन 12 या लिनक्सचा कर्नल 6.1 आहे, त्यात काम होतं. कर्नल 6.12 मधेही कोड आहे, तुमच्या डिस्ट्रोने (तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या प्रकाराने) तो चालू ठेवलाय का ते पाहून घ्या.

पण माउंट करायच्या आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधे जशीच्या तशी नक्कल, काढा, तिची अजून एक कॉपी करा आणि काम फक्त कॉपीवर करा. याचं कारण खूप लोकांना माहीत नसतं. रायझरएफएस रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल रिप्ले करते, म्हणजे त्यातले राहिलेले बदल पूर्ण करायला डिस्कवर लिहिते. वीस वर्षं माळ्यावर, नागपूरच्या उन्हाळ्यात भाजलेल्या डिस्कवर एक अक्षरही लिहू देऊ नका.

आणि दुरुस्तीच्या रायझरएफएससीके प्रोग्राममधे रिबिल्ड-ट्री हा ऑप्शन दिसला की हात मागे घ्या. ते पूर्ण पार्टिशनभर ट्रीची पानं शोधतं आणि सापडतील तेवढी जोडतं. त्या पार्टिशनवर दुसऱ्या एखाद्या रायझरएफएसची इमेज फाइल म्हणून ठेवलेली असेल, बॅकअप वगैरे, तर तिचीही पानं यात घुसतात आणि दोघांची खिचडी होते. आधी फक्त चेक चालवा, तेही कॉपीवर.

काकांच्या फाइली निघाल्या. फॉन्ट त्याच डिस्कवर होते हे नशीब, नाहीतर श्रीलिपीतला मजकूर उघडून नुसती विचित्र चिन्हंच दिसली असती. युनिकोडमधे आणायचं काम मुलगा आता करून राहिला, जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, वेळखाऊ आहे.

माझं म्हणणं असं, की जुन्या फाइलसिस्टिम वाचायची जागा कर्नल नाहीच. वाचायचंच असेल तर युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, छोटा प्रोग्राम पुरतो, तो कोसळला तर तोच कोसळेल, मशीन नाही. ग्रब या बूटलोडरमधे (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधे) रायझरएफएस वाचायचा कोड आहे आणि ग्रब-माउंट तो वापरून फ्यूजवरून, म्हणजे कर्नलबाहेरून फाइलसिस्टिम चालवायच्या सोयीतून, फाइली दाखवतो, फक्त वाचायला. म्हणजे रस्ता आहे. कर्नलचा जुना सोर्स कोडही गिट या कोडचे बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या इतिहासात जसाच्या तसा आहे. नागपुरात एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दर वर्षी फायनल इयरला तेच हॉटेल मॅनेजमेंट आणि लायब्ररी मॅनेजमेंटचे प्रोजेक्ट होतात, त्याऐवजी एखाद्या ग्रुपने अशा बाद झालेल्या फाइलसिस्टिमसाठी रीडर लिहायला घ्या की. बी ट्री ही रचना पुस्तकात शिकलेलीच आहे, इथे खरी दिसेल. सरांना पटत नसेल तर मी येऊन बोलतो.

कोणाच्या ऑफिसात, प्रेसमधे, वाचनालयात 2001 ते 2007 च्या सुमाराचा लिनक्स सर्व्हर पडून असेल तर मला मेसेज करा. आयडीईचा अडॅप्टर आहे माझ्याकडे, बर्डीच्या बाजारात अजूनही मिळतो. तोपर्यंत डिस्क चालू करून पाहू नका, आणि दुकानात तर मुळीच देऊ नका.