गरिबी असावी, पण नोंदणीकृत

आपल्या लेकराने खासगी शाळेच्या नर्सरीत फुकट शिकावे, असे आपल्या मनात आले असेल तर प्रथम आपले अभिनंदन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा आपल्यासारख्यांसाठी राखल्या असून, शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथेही तोच नियम लागू आहे. आता आपण गरीब आहोत एवढेच सिद्ध करायचे उरले.

गरिबी रेखीव हवी. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, म्हणजे महिन्याला साधारण ८,३३३ रुपये. (वंचित घटकातले असाल तर उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो, तो कसा मिळवावा याचा लेख वेगळा लिहावा लागेल.) कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात कामाला असाल आणि मालक ओव्हरटाइम देऊ लागला, तर हात जोडून नको म्हणावे. मग तहसीलदारांच्या दाखल्यासाठी रोजगार बुडवून रांगेत उभे राहावे. बुडालेल्या रोजगाराने उत्पन्न आणखी घटते आणि पात्रता तेवढी भक्कम होते, हा या व्यवस्थेचा सूक्ष्म विचार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

१९१७ साली याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापालाच दंड ठेवला. दाखल्याशिवाय शिक्षण! कारभार किती ढिसाळ होता, ते पाहावे.

राहण्याच्या पुराव्याचे मात्र मनावर घ्यावे. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा. आपण हा विषय काढताच घरमालक चहा सांगतील, पोराची चौकशी करतील आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणतील, "पोरगं शिकवा की, पण सही-बिहीचं तेवढं काढू नका." तेव्हा करार नोंदवून देणारा मालक आधी शोधावा आणि मगच गरीब व्हावे. खोली शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असली तर प्राधान्य मिळते. शाळा ताराबाई पार्कात असेल तर तिथे खोली परवडणारा गरीब होणे, हे आपले कौशल्य.

हे अंतर अर्जातल्या नकाशावर घराची खूण ठेवून ठरते. सेवा केंद्रातला मुलगा एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने ती लाल खूण सरकवत असतो, मागची रांग त्याला घाई करत असते, आणि खूण रंकाळ्यात पडते. ती वेळीच पाहिली नाही, तर आपले कुटुंब तळ्याच्या मधोमध राहते अशी शासनदरबारी नोंद होईल. घाबरून दुसरा अर्ज मात्र भरू नये. एका बालकाचे दोन अर्ज आढळले तर दोन्ही बाद होतात.

पुढचे काम सोडतीचे, म्हणजे नशिबाचे. निवडीचा निरोप मोबाईलवर येतो, म्हणून भाजी एकवेळ कमी आणावी, पण रिचार्ज संपू देऊ नये. नंबर लागलाच, तर शाळेतले स्वागत मनाला लावून घेऊ नये. अशा प्रत्येक मुलामागे शासनाने वर्षाला कमाल १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरवली होती आणि ती वेळेवर येत नाही, ही शाळाचालकांची जुनी तक्रार आहे. आपल्याला जे गोंडस बाळ दिसते, ते त्यांना थकबाकी दिसते.

गल्लीतल्या अंगणवाडीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले नाही. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पैसे न घेता शिकवतात, वर खाऊ घालतात आणि उत्पन्नाचा दाखलाही विचारत नाहीत. अशा ठिकाणी भरवसा कसा ठेवावा? आपण दाखल्यांच्या रांगेत उभे असताना लेकराला कुठेतरी ठेवणे भाग होते, म्हणून ते गेले दोन महिने तिथे जाते. परवा घरी येऊन त्याने दहापर्यंत आकडे म्हणून दाखवले, पण आपण तेव्हा झेरॉक्स मोजत होता.