उन्हातून आल्यावर पाय धुवा, खुशाल धुवा

मार्च उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो संदेश येतोच. गेल्या वर्षी भाच्याने टाकला होता, यंदा मावशीने. मजकूर तोच. पारा ३८ अंशांवर गेला की थंड पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर लगेच हातपाय धुऊ नका, आंघोळ तर नाहीच नाही, निदान अर्धा तास थांबा. पुरावा म्हणून कुणा डॉक्टरच्या मित्राची गोष्ट: उन्हातून घरी आला, गार पाण्याने पाय धुतले, डोळ्यांपुढे अंधारी आली, दवाखान्यात न्यावं लागलं. खाली खिशात कांदा ठेवण्याची पुरवणी आणि ‘सर्वांना पाठवा’.

आधी त्या रक्तवाहिन्यांचं बघू. गार पाणी लागलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हे खरं. पण आक्रसणं म्हणजे फुटणं नव्हे. थंडीत सकाळी नळाखाली हात धरला की हेच होतं. पोटात गेलेलं थंड पाणी तर शरीराच्या उष्णतेने थोड्याच वेळात कोमट होतं आणि जाताना तेवढी उष्णता शोषून घेतं. उन्हाळी शर्यतींत खेळाडूंना मुद्दाम गार पेयं देतात ती याचसाठी. माठातलं प्या, फ्रीजमधलं प्या. घसा धरत असेल तर बेताने, एवढंच.

आणि पाय धुण्याचं म्हणाल, तर दारी आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी आणि मग गूळपाणी ही आपली जुनी रीत. त्याने शिरा फुटत असत्या तर वैशाखातल्या लग्नांना आलेले निम्मे वऱ्हाडी ओसरीवरच आडवे झाले असते.

मग तो मित्र पडला कसा? गोष्ट खरी मानू. उन्हात कातडीकडे रक्त वळवण्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, घामाने अंगातलं पाणी आणि मीठ जातं, रक्तदाब उतरतो. असा माणूस वाकून उठला तरी भोवळ येते. म्हणजे तो पडण्याच्या वाटेवरच होता. पाय धुणं फक्त मध्ये आलं. आदल्या क्षणी चप्पल काढली असती तर संदेशात चपलेचं नाव आलं असतं. (एक धास्ती मात्र मी मोडीत काढणार नाही: हृदयविकार असलेल्याने एकदम बर्फगार पाण्यात उडी घेऊ नये. पण ते तांब्याभर पाण्याबद्दल नाही.)

३८ चा आकडाही फसवा आहे. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक भर उन्हात तासन् तास बसले आणि त्यानंतर १४ जण दगावले. त्या दिवशी जवळपासचा पारा ३८ च्या आसपास होता. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल.

कांद्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जेवणात हवा तेवढा खा. खिशातला कांदा अंगातली उष्णता ओढून घेत नाही. बेशुद्ध माणसाच्या नाका-तोंडात कांद्याचा रस पिळणं मात्र धोक्याचं. रस श्वासनलिकेत जाऊ शकतो. शुद्धीत नसलेल्याला पाणीसुद्धा पाजायचं नाही.

आता खरा राग कशाचा, ते सांगतो. तो अर्धा तास. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जातं आणि मेंदू बिघडायला लागतो: माणूस असंबद्ध बडबडतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करता आलं तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ गावी दर ऑगस्टमध्ये रस्त्यावरची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे २७४ रुग्ण आहेत. त्यांना तिथल्या तिथे गार पाण्याच्या टबात बुडवलं आणि सगळे वाचले. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं, म्हणून. आणि आपला संदेश बरोबर तोच अर्धा तास पाण्यापासून लांब राहायला शिकवतो. धडधाकट माणसाने तो पाळला तर फार तर घामट राहील. पण शेतात कोसळलेल्या गड्यापाशी उभ्या असलेल्यांच्या मनात हीच भीती बसलेली असेल, तर बादली उचलायला कोण धजावेल?

‘घाम थांबला तरच उष्माघात’ हेही तितकंच घातक. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते, हे अनेकदा दिसतं. पण कापूस वेचणारी बाई किंवा भरतीसाठी धावणारा पोरगा घामाने निथळत असतानाही उष्माघातात असू शकतो. घाम नंतर बघा, आधी तो बोलतो काय ते ऐका. आणि क्रोसिन देऊ नका. तापात मेंदूच तापमानाची पातळी वर सरकवतो आणि गोळी ती खाली आणते. इथे ती पातळी हललेलीच नसते, त्यामुळे गोळी काही करत नाही, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर भार टाकते.

मावशीला मी खाली उत्तर लिहिलं ते असं. नुसता थकवा, पायांत गोळे, पण बोलणं शुद्धीवर: सावली, आणि ओआरएस नाहीतर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचाच). ताक, पन्हंही चालेल. बोलणं बिघडलं: एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने त्याच मिनिटाला कपडे सैल करून पाणी ओतायला लागायचं. गोठ्याजवळ हौद असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत आत. नसेल तर ओली चादर, वर पाणी, जोराचा वारा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. गाडी येईपर्यंत बादल्या थांबवायच्या नाहीत. तो कुडकुडायला लागला आणि स्वतःचं नाव धड सांगू लागला, की मग थांबायचं.