थोडं डावीकडे घ्या

परवाच्या गाण्याच्या कार्यक्रमात गायिका मला दिसली ती बोटभर उंचीची. पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी फोन असा काही वर धरला होता की खरी बाई त्यामागे झाकली गेली आणि माझ्या वाट्याला आली ती पडद्यावरची.

"अहो, जरा हात खाली घेता का?" मी जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं.

त्यांनी मान वळवली. हात जागचा हलला नाही. "दिसत नाहीये का?"

"नाही ना."

"थांबा." त्यांनी दोन बोटांनी गायिका मोठी केली. "आता?"

यावर काय बोलणार? माणूस उर्मट असता तर निदान भांडता आलं असतं. हा तर मदत करत होता! आणि सांगायला लाज वाटते, पण दहा मिनिटांनी मीच पुढे वाकून म्हटलं, "थोडं डावीकडे घ्या, व्हायोलिनवाला कापला जातोय." त्यांनी घेतलं. नीट घेतलं हो.

मग फोनमधली जागा संपली. फोन खाली आला आणि समोरचं स्टेज लख्ख मोकळं झालं. ती वेळ मी कशी वापरली? ते म्हणाले, "हे पाच सारखेच आहेत, कुठले उडवू?" पाचही फोटोंत तेच, आरशासमोर, नव्या शर्टात. मी चष्मा पुसून पाहिलं. "दुसऱ्यात पोट दिसतंय." दुसरा गेला, मग चौथा, मग कुणाच्या तरी लग्नाचा अख्खा व्हिडिओ. डोकं वर करेपर्यंत फोन परत जागेवर.

या विषयावर संशोधनही झालंय म्हणे. लिंडा हेन्केल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला सांगितल्या. निष्कर्ष छापून आला 2014 मध्ये: ज्यांचे फोटो काढले, त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. वाचून मला आसुरी आनंद झाला. पुढचं वाक्य वाचायला नको होतं. ज्यांनी झूम करून वस्तूचा एखादा भाग टिपला, त्यांची आठवण शाबूत राहिली. म्हणजे आमचे गृहस्थ सुटले! त्यातले फोटो होते आणि हा व्हिडिओ, एवढाच काय तो मला दिलासा. ज्याने फोन खिशातून काढलाच नाही त्याला त्या गाण्यातलं काय आठवतं? एक कोपर.

निघताना त्यांनी आग्रहाने माझा नंबर घेतला. काल व्हिडिओ आला. चार वेळा पाहिला. फोनचा माइक बाहेरचा आवाज उतरला की आपला आपण संवेदनशील होतो. गायिका सूर अगदी बारीक करत नेते, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, माइकने कान टवकारलेले, आणि त्या जागी खणखणीत माझा आवाज: "थोडं डावीकडे घ्या."

तिकीट काढून गेलो होतो मी. आता ते गाणं कुठेही लागलं तरी त्या सुरानंतर मला मीच ऐकू येणार.

खाली त्यांचा मेसेज होता: "तुमचा आवाज मस्त क्लिअर आलाय." गायिका अर्धी कापली गेली आहे. व्हायोलिनवाला मात्र पूर्ण आलाय.