दोन म्हशींची दुर्बीण

महागड्या दुर्बिणीचा पहिला तोटा असा, की ती केवढ्याला पडली हे चारचौघांत सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. आमच्या थोरल्या साडूंचं नेमकं हेच झालं.

साडू कोलोरॅडोत असतात. मूळचे शिवाजी पेठेतले. तिकडं गेलेली बाकीची माणसं गोल्फ वगैरे शिकतात, हे शिकार शिकले. रीतसर परवाना काढून, थंडीच्या तोंडाला डोंगरात जाऊन एल्क मारायचा. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतलं, पण त्याहून थोराड हरीण. बंदुकीच्या हंगामात तिथं शिकाऱ्याला अंगावर आणि डोक्यावर झगझगीत नारिंगी रंग घालावा लागतो, म्हणजे दुसरा शिकारी त्यालाच हरीण समजून गोळी घालत नाही. 2016 पासून नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबीही चालतो. थोडक्यात, जोतिबाच्या चैत्र यात्रेतून गुलालानं माखून उतरलेला आपला माणूस तिथं कपडे न बदलता शिकारीला उभा राहील.

तर या साडूंच्या डोक्यात तीन हजार डॉलरची दुर्बीण शिरली. आपल्या हिशेबानं अडीच लाखांच्या वर. आक्कांचा, म्हणजे मेहुणीबाईंचा, मला चोरून फोन आला. "दाजी, तुम्ही कायतरी तोटे काढा बगू. तुमचं ऐकतील."

त्यांनी मलाच का गाठावं, हे सासरच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. खरेदीतून माघार घ्यायची कारणं शोधण्यात माझा हात धरणारा त्या घरात कुणी नाही. फ्रीज घ्यायला निघालेल्या धाकट्या मेहुण्याला मी माठ घेऊन परत आणलेलं आहे.

पण दुर्बीण म्हणजे फ्रीज नव्हे. त्यांची रात्र ती आमची सकाळ, त्यामुळं मी तोंडात ब्रश धरून उभा आणि व्हिडिओ कॉलवर पलीकडून साडू मला प्रकाशशास्त्र शिकवतायत, असा आमचा रोजचा पाठ सुरू झाला. मीही इरेला पेटून वाचायला लागलो. तोटे काढायचे तर ते अभ्यासून काढावेत, उगाच "महाग आहे हो" म्हणणं हा काही मुद्दा नव्हे. तो तर त्यांच्या दृष्टीनं गुणच होता.

दुर्बिणीवर 10×42 असं लिहिलेलं असतं. दहा म्हणजे वस्तू दहापट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला दहानं भागलं की 4.2. डोळ्याच्या बाजूनं जी उजेडाची टिकली बाहेर पडते ती एवढी. तीन हजार डॉलर मोजा नाहीतर तीनशे, टिकली 4.2 मिलिमीटरचीच. हे गणित मला इतकं आवडलं की मी ते फोनवर दोनदा सांगितलं. साडू म्हणाले, "टिकली तेवढीच हो पाहुणं, पण तिच्यातला उजेड बघा की."

त्यांचंही खोटं नव्हतं. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहापंधरा पृष्ठभाग असतात, म्हणजे पूर्वीच्या काळी निम्मा उजेड वाटेतच गळायचा. 1935 साली झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलानं काचेवर पातळ लेप द्यायची युक्ती काढली आणि ही गळती थांबायला लागली. आता उंची दुर्बीण नव्वद टक्क्यांच्या वर उजेड डोळ्यापर्यंत पोचवते. मधल्या किमतीची पंच्याऐंशीपर्यंत. माझा सवाल एवढाच होता, की या वरच्या पाचसहा टक्क्यांसाठी दोन हजार डॉलर? एवढा फरक डोळ्याला कळतही नाही. आमच्या गल्लीत विजेचा दाब दिवसातून यापेक्षा जास्त खालीवर होतो, कुणी तक्रार करत नाही.

"संध्याकाळी कळतो," साडू म्हणाले. "दिवस मावळताना एल्क झाडीतनं बाहेर येतो. त्याची शिंगं मोजावी लागतात. बऱ्याच भागांत एका शिंगाला चार टोकं, नाहीतर कपाळाकडचा फाटा निदान पाच इंचाचा, असल्याशिवाय नर मारता येत नाही. दोन्ही नसताना मारला, तर दंड."

इथं मात्र ते सापडले. तिथला कायदा मीही वाचला होता: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं शिकारीची वेळ संपते. म्हणजे साधी दुर्बीण जिथं आंधळी होते आणि उंची दुर्बीण जिथून आपली करामत दाखवायला लागते, त्या काळोखात चार टोकं मोजून करायचं काय? मोजायची आणि घरी जायचं. पलीकडं बराच वेळ शांतता होती. आक्कांनी मागून शाबासकीचा अंगठा दाखवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुर्बीण घेतली. माझ्या मुद्द्यामुळंच घेतली असं आक्का अजून म्हणतात. काळोखाचा वाद एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मिटवून टाकू, असं साडूंना वाटलं म्हणे.

दुर्बिणीमागून तिचं वऱ्हाड आलं. ती साडेआठशे ग्रॅमची, दिवसभर गळ्यात घातली तर मान धरते, म्हणून छातीवर बांधायचा पट्ट्यांचा पिंजरा. दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो, चढ चढून आल्यावर तर स्वतःचे ठोके दिसतात, म्हणून तिवई. तिवईला दुर्बीण बसवायला वेगळी खुंटी. आणि एवढं करून एल्क किती लांब आहे हे दुर्बीण सांगत नाहीच, त्याला लेझरवालं यंत्र निराळं.

हंगाम संपवून जानेवारीत साडू कोल्हापूरला आले ते छातीवर पिंजरा बांधूनच. दारात ओवाळताना सासूबाईंच्या ताटातल्या अक्षता त्याच्यावर पडल्या तेवढ्यानं त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभे होतो. समोर म्हैस पिळून ताजं दूध देतात, ते प्यायला कोल्हापूरचा माणूस अमेरिकेतूनही येतो. शेजारच्या एका मामांनी छातीवरच्या खोक्याकडं बघून विचारलं, "काय मशीन हाय?"

"दुर्बीण."

"केवढ्याला पडली?"

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मी दुधात बघितलं. शेवटी त्यांनी आकडा सांगितला. मामांनी पेला खाली ठेवला. "आवो, ह्यात दोन दुभत्या म्हशी आल्या की दारात," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "दूध किती देती ही?" तिथून पुढं गावात ती दोन म्हशींची दुर्बीण झाली. घरातही तसंच. "म्हशी आत घेतल्या का?" असं सासरे झोपताना विचारायचे.

एकट्यानं वापरायची वस्तू भरल्या घरात आणली की काय होतं, हे तिच्या माहितीपुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. दोन डोळ्यांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, म्हणून प्रत्येकजण मधली बिजागरी वाकवणार. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची एक बारीक कडी असते, ती साडूंनी तासभर बसून लावलेली. सासूबाईंनी ती आधी फिरवली आणि मग "ह्यातनं कायच दिसंना" म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे कप आत ढकलायचे, बिनचष्मेवाल्यांनी बाहेर ओढायचे; आमच्याकडं निम्मे असे निम्मे तसे, त्यामुळं ते कप अखंड आत-बाहेर. पोरांनी उलट्या बाजूनं बघून आजोबांना लांब पाठवलं. आणि बायकोनं, सगळ्यांचं बघून झाल्यावर, भिंगावर पडलेला डाग पदरानं पुसला.

साडूंच्या तोंडून निघालेला आवाज मी याआधी फक्त जत्रेतल्या पाळण्यात ऐकला होता. अशा काचेवर आधी हवा मारायची असते, मग मऊ ब्रश फिरवायचा, मग खास फडकं, तेही गोल गोल आणि हलक्या हातानं. कारण धुळीचा एक कण घासला गेला तर तोच तो लेप, स्माकुलासाहेबांनी काढलेला, ओरखडतो. बायको म्हणाली, "आमच्या देवाला पण एवढं सोवळं नाही."

मला मात्र तिचा खरा हिसका रंकाळ्यावर बसला. साडूंनी मोठ्या मनानं ती माझ्या हातात दिली, पट्टा गळ्यात अडकल्याची दोनदा खात्री करून. चित्र सुरेख होतं, यात वाद नाही. जांभळ्या पाणकोंबडीच्या लाल चोचीवरचं पाणी दिसत होतं, कडेपर्यंत रेघ न् रेघ स्वच्छ. पण शालिनी पॅलेसकडून संध्यामठाकडं दुर्बीण फिरवली आणि अख्खा तलाव एखाद्या मोठ्या चेंडूवर चिकटवल्यासारखा गरकन माझ्या अंगावर लोळत आला. खाल्लेली भेळ गळ्याशी आली. हाही उंचीपणाचाच दोष. जुने कारागीर चित्राच्या कडेला किंचित वाक मुद्दाम ठेवायचे, कारण नजर फिरवताना तो वाकच माणसाला सावरतो. उंची दुर्बिणीत कडा शिस्तीत सरळ करायला जातात, आणि मग फिरवताना काही जणांना जग घरंगळल्यासारखं वाटतं. सगळ्यांना होत नाही. साडूंना होत नाही. म्हणाले, "सवय होती हळूहळू." अडीच लाख देऊन ओकारीची सवय करून घ्यायची, हे मला त्या वेळी बोलून दाखवता आलं नाही, कारण मी कठड्याला धरून बसलो होतो.

शिकारीला डोळ्याचं काय काम असतं, हे खरं म्हणजे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. संस्थानच्या काळात इथं चित्त्याकडून काळवीट धरायचे. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, गाडीत बसवून कळपाजवळ न्यायचं आणि टोपी काढायची. संपलं. बिजागरी नाही, तिवई नाही, पुसायला फडकं नाही. आणि चित्त्याला पदर लावायची कुणाची छाती नव्हती. पुढं 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आता आपल्याकडं जनावर नुसतं बघायचं, एवढंच उरलं. ते चांगलंच झालं. ज्या दाजीपूरच्या रानात राजेलोक शिकारीला जायचे, तिथं 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं.

तिथं आम्ही दुर्बिणीची परीक्षा घ्यायला गेलो. जीपमध्ये पुढं वाटाड्या, मागं आम्ही. साडू सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, पलीकडची झाडी दुर्बिणीनं विंचरत होते. त्यांच्याकडं याला मोठी तपश्चर्या मानतात, तासन् तास एकेक झुडूप बघायचं. एका वळणावर वाटाड्यानं गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. साडूंनी तिकडं दुर्बीण रोखली.

"कायच दिसंना," ते कुजबुजले. "सगळं काळं. पाहुणं, टोपण काढलंय न्हवं पुढचं?"

टोपण काढलेलं होतं. समोर वीसेक मीटरवर गवा उभा होता. आता या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण एकशेवीस मीटर रुंदीचा देखावा दिसतो, म्हणजे वीस मीटरवर जेमतेम अडीच मीटरचा. गव्याचा अंगलोट तीन मीटरपर्यंत जातो. साडू अत्यंत स्वच्छ, कडेपर्यंत सरळ, नव्वद टक्के उजेडात त्याचं पोट बघत होते.

"सायेब," वाटाड्या हळूच म्हणाला, "ते खाली घ्या आणि फकस्त बगा."

त्यांनी ती खाली घेईपर्यंत गवा आपले पांढरे मोजे दाखवत कारवीत शिरला होता. आम्हा सगळ्यांना तो शिंगापासून शेपटीपर्यंत दिसला. वाटाड्याच्या गळ्यात काहीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर राधानगरीत चहा घेताना आक्कांनी खरी बातमी फोडली. हंगामभर डोंगरात साडूंनी ही दुर्बीण वापरलीच नव्हती. पाऊस, दगड, काटे, कुठं पडली तर काय घ्या, म्हणून ती गाडीत कुलपात असायची आणि गळ्यात जुनी, चारशे डॉलरवाली. एल्क त्याच जुन्या दुर्बिणीतून दिसला होता. साडूंनी बशीत चहा ओतला आणि तो बराच वेळ फुंकला.

जाताना त्यांनी ती माझ्याकडं ठेवली. "रंकाळ्यावर वापरा, इथं काय दगडधोंडे न्हाईत." मला घाम फुटला. आतमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळं आतून वाफ धरत नाही. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरून काचेला बुरशी धरू शकते. कपाटात ठेवावी तर दमट, बाहेर ठेवावी तर पोरं. शेवटी सिलिका जेलच्या पुड्या घालून खोकं बँकेच्या लॉकरमध्ये नेलं. लॉकर लहान. खोकं आत गेलं की बायकोचा साज बाहेर राहतो. साज सध्या तांदळाच्या डब्यात आहे, आणि त्यामुळं आमच्याकडं आठवडाभर चपात्याच आहेत, कारण तो डबा उघडायचा नाही अशी बायकोनं शपथ घातली आहे.

दर रविवारी साडूंचा फोन येतो. "बघताय न्हवं?" मी "बघतोय की" म्हणतो, पाणकावळे काय, नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. परवा म्हणाले, हात हलत असेल तुमचा, तिवई पाठवून देतो. मी बँकेत मोठ्या लॉकरची चौकशी करून आलो. आहे म्हणाले, पण वेटिंग आहे.