तुम्ही कधी झालात?

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ऑफिसच्या पार्किंगमध्ये फोन उघडला, तर ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर १४२ मेसेज. मला वाटलं टाकी फुटली. वर्तकनगरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, मेंटेनन्स मी डॅलसहून भरते आणि आई तिथे राहते, त्यामुळे या ग्रुपमधून सुटका नाही. टाकी शाबूत होती. तिसऱ्या मजल्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना होते, पंधरा-वीस माणसं जमतात, ढोलक आणि गिटार वाजते. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, "आपल्या बिल्डिंगमध्ये धर्मांतर चालू आहे. हे लोक तांदूळ आणि पैसे देऊन माणसं ओढतात." खाली अंगठे, जोडलेले हात. सेक्रेटरींनी तर ठरावाचा मसुदाच टाकला: फ्लॅटमध्ये सामूहिक धार्मिक कार्यक्रमांना बंदी, रविवारी मीटिंग. सत्यनारायण यात बसतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मला राग आला तो बंदीचा नाही. १४२ मेसेजमध्ये ती माणसं मानतात तरी काय, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता, त्याचा आला. एकाने लिहिलं, त्यांचे देव तीन. दुसऱ्याने लिहिलं, पाप करायचं आणि फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं. अहो, फादर तलावपाळीजवळच्या सेंट जॉनमध्ये. ते कॅथलिक. तिसऱ्या मजल्यावर फादर नाही, धूप नाही, मेरीमातेची मूर्ती नाही. आणि माझी आई या दोन्हींतली नाही. ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन झालेल्या चर्चची. तिथे कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात आणि भेटल्यावर "सलाम" करतात. तिसऱ्या मजल्यावरच्यांना ती "टाळ्यावाले" म्हणते. गुडघ्यांमुळे रविवारी रिक्षात चढणं जमेना, तेव्हापासून मात्र शुक्रवारी त्यांच्याचकडे जाऊन बसते.

हे टाळ्यावाले म्हणजे इव्हँजेलिकल. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे, पचायला जड. बायबल हा शेवटचा शब्द. पाळक, बिशप, परंपरा सगळं त्याच्या खाली. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून. माणूस पापी आहे आणि पुण्य साठवून तो खड्डा भरत नाही. येशूने वधस्तंभावर आपल्या जागी शिक्षा भोगली, तिसऱ्या दिवशी देहासकट उठला, पुन्हा येणार आहे आणि न्याय करणार आहे. हे विश्वासाने घ्यायचं, फुकट. यालाच कृपा म्हणतात. बायबलमधल्या पत्रात पौलाने इफिसकरांना लिहिलंच आहे की तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी मिळत नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा नको. कृपा हा शब्द वारकऱ्यांच्या मुलखात समजावून सांगायची पाळी यावी, याचं मला नवल वाटतं.

मग येतो नवा जन्म. मराठीत इथे घोटाळा होतो, कारण पुनर्जन्म म्हटलं की ऐकणारा चौऱ्याऐंशी लक्ष योनींकडे निघून जातो. यांचं म्हणणं याच आयुष्यातल्या जन्माचं आहे. निकदेम नावाचा विद्वान येशूला विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार? म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं; चौथ्या मजल्यावरच्या काकांना कसला दोष द्यायचा. मुद्दा असा की जन्माने कुणी ख्रिस्ती होत नाही. पाळकाचा मुलगासुद्धा नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

आता या हिशोबात तांदूळ बसवून दाखवा. जिथे मनापासूनचा विश्वास हीच अट, तिथे पाच किलो तांदळासाठी घेतलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच ठरत नाही. ठरावाच्या मसुद्याला हे उत्तर मी तिथेच, गाडीत बसून टाइप केलं. वर राज्यघटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ मध्ये "प्रचार" हा शब्द आहे, हेही घातलं. त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटलंय, ते घातलं नाही. काका निवृत्त वकील आहेत, ते घालतीलच.

इकडे आमच्या गल्लीत बुधवारी संध्याकाळी चार घरांत बायबल स्टडी असते. बारा-बारा ट्रक उभे राहतात. एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, तक्रार येते ती मेलबॉक्स अडवल्याची, देवाची नाही. असं मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिणार होते. पण इथे टेक्सासमध्येच शुगर लँडला २०२४ च्या ऑगस्टमध्ये ९० फुटी मारुती उभा राहिला, तेव्हा देवळाबाहेर निदर्शनं करायला आले ते ख्रिस्तीच होते. काकांचा मुलगा टेक्सासमध्येच, केटी गावात राहतो. त्याने तेव्हा याच ग्रुपवर अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, धर्मस्वातंत्र्याची, पूर्ण टाकली होती, आणि काकांनी तिला अंगठा दिला होता. मी त्या वेळी गप्प बसले. माझ्याच चर्चमधले दोघं त्या मारुतीबद्दल काय बोलत होते, ते मी लाउंजमध्ये कॉफी पिताना ऐकलं होतं.

"येशूशिवाय मार्ग नाही" हे इव्हँजेलिकलांच्या विश्वासाच्या मध्यभागी आहे. ते काढून घेतलं तर उरलेलं उभं राहत नाही, हे मला कळतं. पण प्रसादाची वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजारणीला हे तोंडावर कसं सांगायचं, ते मला आजवर जमलेलं नाही. आई प्रसाद घ्यायची, वाटी धुवायची आणि नाताळात तीच वाटी करंज्या भरून परत करायची. यात धर्मशास्त्र किती बसतं, ते तिने कधी पाहिलं नाही.

इथल्या चर्चमध्ये पहिल्या महिन्यात एका बाईने विचारलं, "तुमचं तारण कधी झालं?" तारीख हवी होती तिला. मी म्हटलं, आमचं घराणंच ख्रिस्ती आहे. ती हसून म्हणाली, "पण तुमचं कधी?" मला ठाण्याची शाळा आठवली. तिथेही हाच प्रश्न यायचा, फक्त सूर वेगळा. "तुम्ही कधी झालात?" एकाला मी मुळात हिंदू हवी होते, दुसऱ्याला अजून पुरती ख्रिस्ती न झालेली. मराठीत अख्खा नवा करार १८११ साली छापला गेला, टेक्सास अमेरिकेचं राज्य झालं १८४५ मध्ये. हे मी त्या बाईला ऐकवलं. तिला फार गोड वाटलं. तिने लगेच मला "साक्ष" द्यायला, म्हणजे विश्वासात कशी आले ते बोलायला सांगितलं, सगळ्यांसमोर, पाच मिनिटं.

तिथे मी खोटं बोलले.

मी सांगितलं, माझ्या पणजोबांनी एका मिशनऱ्याचं प्रवचन ऐकलं आणि त्यांना प्रकाश दिसला. लोक रडले. घरात आजी सांगायची ती गोष्ट वेगळी. पणजोबा नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळात घरातली दोन पोरं गेली, तेव्हा उरलेल्यांना घेऊन ते मिशनकडे गेले. तिथे ज्वारी मिळत होती. आणि पाटलाच्या विहिरीवर जे मिळत नव्हतं ते पाणीही. बाप्तिस्मा दीड-दोन वर्षांनी झाला. मधल्या काळात त्यांच्या मनात काय झालं, ते कुणाला माहीत? ते लिहायला शिकले ते नंतर, आणि लिहिलं ते फक्त हिशोब.

म्हणजे काका चुकलेले नाहीत. निदान आमच्या घरापुरते नाहीत. १९७४ साली स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जगभरचे इव्हँजेलिकल जमले, जॉन स्टॉट या इंग्लिश पाळकाच्या हाताखाली करारनामा तयार झाला, त्यात त्यांनी स्वतःच कबूल केलंय की प्रतिसाद मिळावा म्हणून आम्ही ऐकणाऱ्यांवर दबाव आणला आणि आकड्यांच्या मागे लागलो. टाळ्यावाल्यांनी हे लिहून ठेवलंय, आणि मी मात्र पणजोबांची ज्वारी लपवते. ग्रुपवर टाइप केलेलं ते उत्तर मी अजून पाठवलेलं नाही.

आणखी एक लपवलंय. २०१९ साली मी इथे पुन्हा बाप्तिस्मा घेतला. स्टेजमागच्या हौदात, कोमट पाण्यात, चर्चच्या टी-शर्टवर. त्यांच्या मते तान्ह्या बाळाच्या डोक्यावर शिंपडलेलं पाणी मोजत नाही. बाळाने काही ठरवलेलं नसतं. युक्तिवाद बिनतोड आहे. पण माझ्या पहिल्या बाप्तिस्म्याचा दाखला आईने साड्यांच्या घडीत ठेवलाय, आणि मला उचलून पुढे नेताना तिने नेसलेली साडीही तिथेच आहे. ते मोजत नव्हतं, असं तिला फोनवर कोणत्या शब्दांत सांगू? तेव्हाच सांगायचं होतं. आता उशीर झालाय असंही नाही.

रविवारी मीटिंग झाली. आई काठी टेकत खाली गेली, हे मला सेक्रेटरींच्या मेसेजवरून कळलं. रात्री फोन केला. ठराव पुढे ढकलला म्हणे, पार्किंगवरून भांडण लागलं आणि तोच विषय चालला. मी विचारलं, तुला कुणी काही बोललं का?

"चौथ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, आजी, तुम्ही कधी झालात?"

"मग?"

"म्हटलं, लिफ्ट बसवायच्या आधी."