लॅरामीचं नाटक ‘खोटं’ ठरवण्याआधी

‘द लॅरामी प्रोजेक्ट’ हे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या लॅरामी गावात १९९८ मध्ये झालेल्या मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या खुनावरचं नाटक. त्याचा विषय निघाला की एक दावा हटकून पुढे येतो. मॅथ्यू शेपर्डचा खून नशा आणि पैशांपायी झाला, तो समलिंगी होता याचा त्यात काही संबंध नाही. कोर्टानेही त्याला द्वेषगुन्हा म्हटलं नाही. आणि न्यूयॉर्कहून आलेल्या नाटकवाल्यांनी एका साध्या गावाला बदनाम केलं.

कोर्टाचं आधी उरकतो. कोर्टाने द्वेषगुन्हा म्हटलं नाही, बरोबर. म्हणणार कसं? १९९८ साली वायोमिंग राज्यात तसा कायदाच नव्हता. केंद्राच्या द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यात लैंगिक कल आला तो २००९ मध्ये, आणि त्या कायद्याला नाव आहे मॅथ्यू शेपर्ड आणि वंशद्वेषातून मारला गेलेला कृष्णवर्णीय जेम्स बर्ड यांचं.

आता लूट. पाकीट चोरलं, हे कोणीच नाकारत नाही. ज्युरीने मुख्य आरोपी अ‍ॅरन मॅकिनीला पूर्वनियोजित खुनाच्या आरोपातून सोडलं आणि लूट-अपहरण करताना झालेल्या खुनासाठी दोषी धरलं, हेही खरं. पण पाकीट हाती आल्यावर लुटारूचं काम संपतं. इथे २१ वर्षांच्या, जेमतेम पाच फूट दोन इंचांच्या मुलाला गावाबाहेर कुंपणाला बांधून पिस्तुलाच्या दस्त्याने डोकं फुटेपर्यंत मारलं आणि थंडीत तसंच सोडून दिलं. सुमारे १८ तासांनी सायकलवरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला तो दिसला, तेव्हा त्याला आधी ते बुजगावणं वाटलं.

आणि मॅथ्यूने लगट केली म्हणून मॅकिनीचा तोल गेला, हा मुद्दा १९९९ च्या खटल्यात कोणी काढला होता? मॅकिनीच्याच वकिलांनी! न्यायाधीशांनी तो बचाव चालू दिला नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या अशिलाची शिक्षा कमी व्हावी म्हणून वकील ज्युरीला जे कारण सांगू पाहत होते, तेच कारण दावा करणारे आज नव्हतंच म्हणतात. मॅकिनी मेथ हा अमली पदार्थ घ्यायचा, हे मान्य. २०१३ मध्ये एका पत्रकाराने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खून नशेपायी झाला हा त्यातला निष्कर्ष तपास केलेल्या मुख्य अधिकाऱ्यांनी फेटाळला.

राहिली बदनामी. इथे मला शंका येते की दावा करणाऱ्यांनी नाटक पाहिलेलंच नाही. मोइसेस कॉफमन आणि त्याच्या टेक्टॉनिक थिएटरच्या मंडळींनी दीड वर्षात गावाच्या अनेक फेऱ्या केल्या, २०० हून अधिक मुलाखती घेतल्या. रंगमंचावर आठ नट गावातली साठेक माणसं उभी करतात, त्या माणसांच्याच शब्दांत. त्यात बॅप्टिस्ट पंथाचा एक ख्रिस्ती धर्मगुरू आहे. शुद्ध हरपण्याआधी मॅथ्यूला आपल्या जगण्याच्या रीतीवर विचार करायला वेळ मिळाला असेल, अशी आशा तो बोलून दाखवतो. ना त्याला कोणी अडवत, ना खलनायकाचं संगीत वाजतं. घटनास्थळी पहिली पोहोचलेली पोलीस अधिकारीही आहे: मॅथ्यूच्या रक्तातून एचआयव्हीचा धोका उद्भवल्याने तिला औषधं घ्यावी लागतात, आणि तिची आई काळजीने अर्धी होते. ही बदनामी म्हणायची तर ओल्या डोळ्यांनी केलेली बदनामी म्हणावी लागेल.

मेणबत्त्या लावून जमलेल्या सभेत कोणीतरी उठून सांगतं की आपलं गाव असं नाही. ते ऐकून एक मुस्लिम तरुणी भडकते: आपण असेच आहोत, हा गुन्हा आपलाच मानायला हवा. हे बोलणारी लॅरामीचीच आहे, न्यूयॉर्कची नव्हे.

दहा वर्षांनी नाटकमंडळी पुन्हा गावात गेली आणि २००९ मध्ये दुसरा भाग रंगमंचावर आला. तोवर गावातली काही माणसं सांगू लागली होती की ती नुसती लूट होती, नशेचा मामला होता. नाटक लपवतं म्हणतात तो दावा त्या भागात गावकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याला उत्तर देणारे तपास अधिकारीही तिथेच उभे आहेत.