लेकरू ठेवून घेण्याची पक्की रीत

बायकोला मारायचं, तिनं तोंड उघडलं की माहेरच्या एसटीत बसवायचं आणि लेकरू ठेवून घ्यायचं. आष्टीपासून किनवटपर्यंत चालत आलेली रीत. तिला नावं ठेवणारे आपण कोण? फक्त नीट करा, भाऊ.

तिला माहेरीच पाठवा. परळीची लेक वसमतला दिली असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती परळीतच अर्ज करू शकते, तिथं तात्पुरती राहत असली तरी. तारखांना वसमतहून तुम्ही जायचं. सोनंही काढून घ्या, म्हणजे आदेशात स्त्रीधन परत करण्याची एक ओळ वाढेल.

‘बाप हाच नैसर्गिक पालक’ हे पारावर ठणकावून सांगा. १९५६ च्या कायद्यात आहेच ते. त्याच कलमात पुढं, पाच वर्षांच्या आतलं लेकरू सहसा आईकडं, असंही आहे; पण पारावर इतकं पुढचं वाचतो कोण?

लेकरू सहा वर्षांचं असेल तर दिवाळीनंतर टोळीसोबत उसाच्या फडावर न्या. ताब्याचा अर्ज ते नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात चालतो, चार महिन्यांच्या कोपीनं, म्हणजे फडावरच्या झोपडीनं, त्याचं गाव बदलत नाही. वर शाळेच्या हजेरीपटावरची गैरहजेरी तिच्या वकिलाला आयतीच मिळते, कारण कोर्ट बापाचा हक्क नंतर बघतं, लेकराचं हित आधी.

‘निकालाला वर्षं लागतात’ म्हणून निवांत राहा. साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं २००५ चा हिंसाचार कायदा म्हणतो, तारखा काही ऐकत नाहीत. इथं तुमचं खरं आहे. अडचण एवढीच, की कलम २१ खाली लेकराचा तात्पुरता ताबा निकालाआधीच देता येतो आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही निघतो. संरक्षण आदेश आलाच तर मोडून बघा: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तिच्याकडं वकिलाला पैसे नाहीत, हा हिशेबही छान. बाईला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न न विचारता.

आणि घर आईच्या नावावर करून टाका. सासू-सासऱ्याचं घर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क असू शकतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र २००५ च्या कायद्यात बाईविरुद्ध देताच येत नाही, तुमच्याविरुद्ध येतो. सासू-सून-नातू आत राहतील. तुमची सतरंजी तेवढी आधीच वेगळी काढून ठेवा.